आधी पाणी, मग पॉलिश

जालना जिल्ह्यात गाडीची निगा राखण्याची रीत मोटारीहून जुनी आहे. पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदेमळणी व्हायची. जू ओढून घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं. दुसऱ्या दिवशी बैल नदीवर नेऊन धुवायचे, मग शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल. बैलगाडीच्या कण्याला घालायच्या वंगणाचं नळकांडं गाडीखालीच टांगलेलं असे. खांदेनवमीला गाडी, नांगर, पाभर धुऊन पुसून हळद-कुंकू लावायचं. पुढे ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल त्याच रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

मी मोटारींच्या रंगकामातला माणूस. पुट्टी, ओला पेपर, प्रायमर यांत माझी उमेदीची वर्षं गेली. १ मे १९८१ला जालना स्वतंत्र जिल्हा झाला आणि कचेऱ्यांबरोबर सरकारी अँबॅसॅडर गाड्याही वाढल्या. तेव्हाच्या ड्रायव्हरचं सामान म्हणजे एक बादली, पिवळं फडकं, जुन्या बनियनच्या चिंध्या आणि रॉकेल. धुणं झालं की रॉकेलचा हात फिरवायचा. घटकाभर गाडी झळकायची आणि मग त्याच तेलकटपणावर मोंढ्यातली धूळ बसायची. त्या गाड्यांना रंगावर पारदर्शक थर नसायचा. कंपाउंड लावून घासलं की फडक्यावर गाडीचाच रंग उतरायचा. रंग जाड असल्यामुळे ते निभून जाई.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि काही वर्षांत साध्या घरांपुढेही मोटार दिसू लागली. आता गाडी घरची माणसंच धुऊ लागली, तीही कपड्यांच्या साबणपावडरीनं. ही पावडर तेलाचे डाग काढते, तशी रंगावरची मेणाची परतही काढते. नंतर क्लिअर कोटच्या गाड्या आल्या. त्यांच्यात रंगावर पातळ पारदर्शक थर असतो आणि खरी झळाळी त्याचीच. कोरड्या फडक्यानं धूळ पुसली की मातीचे बारीक कण त्या थरावर ओरखडे काढतात. उन्हात काळी गाडी तिरकी पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतील. दुरुस्तीला आलेल्या गाड्यांवर या रेघा मी सतत पाहिल्या आणि बहुतेक वेळा त्या मालकानं रोज सकाळी प्रेमानं मारलेल्या फडक्याच्याच होत्या.

पण आमच्याकडे खरा प्रश्न पाण्याचा. निजामकाळातला घाणेवाडी तलाव शहराची तहान भागवत आला. १९७२चा दुष्काळ जुन्या माणसांना आठवतो आणि २०१२-१३चा आम्हा सगळ्यांनाच. तेव्हा मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, माणसं टँकरची वाट पाहत बसली. अशा जिल्ह्यात अंगणात नळी सोडून गाडी धुणं मला पटत नाही.

बोअरचं पाणी जडही असतं. बेसॉल्टच्या भेगांतून मुरताना त्यात क्षार उतरतात. थेंब उन्हात वाळला की पांढरा ठिपका राहतो आणि काही दिवसांनी तो साध्या धुण्यानं निघत नाही. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून पुष्कळ लोक गाडीला वापरतात. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. ते फरशीला वापरा. गाडीला शेवटचा हात पत्र्यावरून उतरलेल्या पावसाच्या पाण्याचा द्या, त्यात क्षार जवळपास नसतात.

आता दुकानात आणि मोबाईलवर फोम, कोटिंग, बफिंग मशीन असं शेकडो प्रकारचं सामान मिळतं. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं त्यातलं फार थोडं घ्यावं. दोन बादल्या, एक साबणाची आणि एक हातमोजा विसळायची, म्हणजे गाडीवरून निघालेली माती परत गाडीवर जात नाही. मायक्रोफायबरचा हातमोजा, गाडीचाच सौम्य शांपू, पाणी टिपायला एक जाड मोठं फडकं आणि चाकांसाठी वेगळा ब्रश. चाकांचा ब्रश बॉडीला कधीही लावू नये. चाकांवर ब्रेकची लोखंडी भुकटी असते. आपल्या एमआयडीसीत सळया बनवणारे कारखाने असल्यामुळे लोखंडी कण हवेतूनही येऊन बसतात. गाडीवर बारीक तांबूस ठिपके दिसू लागले तर नखानं खरवडू नका, लोखंड विरघळवणारं द्रावण मिळतं ते वापरा. मेणाचा डबा पहिल्या महिन्यात नाही आणला तरी चालेल. बफिंग मशीन तर नकोच. चुकलेला हात क्लिअर कोट कायमचा खाऊन टाकतो आणि मग गाडी आमच्यासारख्यांकडे पुन्हा रंगवायला येते.

धुवायचं ते सावलीत, छतापासून खाली, एकेक भाग धुऊन लगेच टिपत. या खांदेनवमीला सामान आणायला निघालात तर आधी बादल्या आणि फडकी घ्या, आणि पैसे उरले तर पन्हळीखाली ठेवायला एक पिंप.