किल्ली आधी, कुलूप नंतर

इंटरव्ह्यूच्या आधी छातीत धडधडतं, ते ॲड्रेनॅलिनमुळे. हेच ॲड्रेनॅलिन श्वासनलिका मात्र सैल करतं. रेणू एकच, मग परिणाम वेगळे का?

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या रेमंड आल्क्विस्ट यांनी उत्तर सुचवलं: पेशींवर त्याला पकडणारे रिसेप्टर दोन प्रकारचे असावेत, अल्फा आणि बीटा. बरीच वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. खुद्द आल्क्विस्टसुद्धा रिसेप्टरकडे एक कल्पना म्हणूनच पाहत. ते कुणी पाहिलेच नव्हते!

ही कल्पना स्कॉटिश संशोधक जेम्स ब्लॅक यांनी उचलली. त्यांचे वडील हृदयविकाराच्या झटक्याने गेले होते. हृदयाचा रक्तपुरवठा वाढवण्याऐवजी त्याची मागणीच कमी केली तर? बीटा रिसेप्टर अडवणारं प्रोप्रॅनोलॉल १९६४ मध्ये जगासमोर आलं आणि अंजायनाच्या रुग्णांना दिलासा मिळाला. पण दम्याच्या रुग्णाने ते घेतलं, तर श्वासनलिका आवळून जीव धोक्यात येई. हृदय वाचवावं तर श्वास कोंडतो.

१९६७ मध्ये बीटाचेही दोन प्रकार असल्याचं मांडलं गेलं. बीटा-१ मुख्यतः हृदयात, बीटा-२ श्वासनलिकांमध्ये. मग औषधांच्या वाटा फुटल्या. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये आलेलं साल्ब्युटामॉल बीटा-२ ला जागं करतं आणि हृदयाला त्यामानाने कमी छेडतं. दुसऱ्या वाटेवर होतं प्रॅक्टोलॉल. ते फुप्फुसांना सांभाळून हृदयातला बीटा-१ अडवायचं. पण काही रुग्णांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली आणि काही वर्षांतच त्याचा सर्वसाधारण वापर थांबवावा लागला. नेमका रिसेप्टर गाठला म्हणून औषध निर्धोक ठरत नाही.

एवढ्या किल्ल्या घडल्या, पण कुलूप अजून अंधारातच. रिसेप्टर पेशीच्या पटलात रुतलेले आणि सतत हलते; त्यांचे स्फटिक बनवणं महाकठीण. २००७ मध्ये ब्रायन कोबिल्का, रेमंड स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या बीटा-२ ची रचना उलगडली. पुढच्याच वर्षी टर्कीच्या बीटा-१ ची रचना मिळाली. २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल कोबिल्का आणि त्यांचे गुरू रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांना मिळालं.

दोन्ही रचना शेजारी ठेवल्यावर कोडं उलगडू लागलं. औषध जिथे बसतं तो खोलगट कप्पा दोन्हींत जवळपास सारखाच. फरक आहेत ते बरेचसे कप्प्याच्या तोंडाशी. म्हणून दोघांत भेद करणारा रेणू घडवताना आता त्या उंबरठ्याकडेही पाहिलं जातं. आणि म्हणूनच बीटा-१ साठीचं औषध डोस वाढला की बीटा-२ लाही धरतं. ही निवड कमीअधिक असते, पक्की नव्हे.

शिवाय एक पेच रचना पाहूनही सुटत नाही. साल्ब्युटामॉल घेतल्यावर कधी हात थरथरतात, कारण हातांच्या स्नायूंतही बीटा-२ च असतो. तेच कुलूप, फक्त घर वेगळं. तिथे किल्ली बदलून भागत नाही, ती थेट योग्य दारात न्यावी लागते. म्हणून तर दम्याचं औषध सहसा गोळीतून नाही, इनहेलरमधून घेतात.