माकड आणि मेगावॉट

मुक्कालीहून जीपने सैरंध्रीला पोचलो आणि मनोऱ्यावरून खाली वाहणारी कुंतीपुळा नदी पाहिली. केरळच्या या सदाहरित जंगलात, इथेच धरण होणार होतं. खरं सांगतो, 1978 साली मी असतो तर धरणाच्या बाजूने असतो. 120 मेगावॉट वीज, वर मलबारच्या शेतीला पाणी. बुडणार किती? सुमारे 830 हेक्टर. इंजिनिअरला हा हिशेब पटतोच.

'सायलेंट व्हॅली' आपण ऐकतो ती सिंहपुच्छ वानरांची गोष्ट म्हणून. 1973 ची मंजुरी, मग कवयित्री सुगतकुमारी, सलीम अली, इंदिरा गांधी आणि शेवटी राष्ट्रीय उद्यान. यातून मला सगळ्यात भारी वाटणारा भाग गळतो: मास्तर लोकांनी केलेलं गणित.

केरळ शास्त्र साहित्य परिषद 1962 पासून मल्याळममधून विज्ञान लोकांपर्यंत नेत होती. तिच्यात शाळा-कॉलेजांतले शिक्षक पुष्कळ. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनी या जंगलाबद्दल लिहिलं, तेव्हा आधी परिषदेतच वाद झाले. वीज नको असं कोण म्हणेल? माकड गोंडस आहे एवढ्यावर भागणार नव्हतं.

म्हणून 1979 मध्ये त्यांनी प्रकल्पाचं मूल्यमापन करून छापलं. लिहिणाऱ्यांत प्रसादांबरोबर अर्थतज्ज्ञ के. पी. कण्णन होते, विद्युत अभियांत्रिकीतले व्ही. के. दामोदरन होते आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले एम. पी. परमेश्वरनही. त्यांचं म्हणणं साधं होतं. राज्याच्या एकूण विजेत या प्रकल्पाची भर थोडीच आहे. मलबारची अडचण मुख्यतः वीज पोचवणाऱ्या तारांची आहे. आणि पाण्यासाठी भूजलासारखे दुसरे मार्ग आहेत. (सर्व्हर ठीक आहे, नेटवर्क बघा, हे मी ऑफिसात आठवड्यातून दोनदा ऐकतो.)

मग हे आकडे घेऊन कार्यकर्ते गावोगाव सभा घेत फिरले. पर्जन्यवन म्हणजे काय हे केरळातल्या किती लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असेल! सगळे पटले असं नाही. धरणाजवळच्या भागात अनेकांना रोजगार हवा होता आणि त्यांची मागणी खोटी नव्हती. आपल्या गोष्टीत ती माणसं सोयीने गायब होतात, हे मला खटकतं.

पुढचं भराभर सांगतो. एम. जी. के. मेनन यांच्या समितीने अभ्यास केला, 1983 मध्ये प्रकल्प सोडला, 1984 मध्ये 89.52 चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

मीही तिथून निवांत परतलो असतो. पण नंतर वाचताना कळलं की 2001 च्या सुमारास वीज मंडळाने याच नदीवर, उद्यानाच्या हद्दीबाहेर खालच्या अंगाला, पात्रक्कडवूला नवं धरण सुचवलं होतं. पुन्हा सभा, पुन्हा आकडे. 2007 मध्ये उद्यानाभोवती 148 चौरस किलोमीटरचा बफर झोन झाला.