चित्रकथांच्या मूल्यसूचींची विश्वसनीयता : मराठी चित्रकथांच्या विशेष संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

जुन्या वस्तूचे मोल ठरविताना छापील सूचीचा आधार घेण्याची प्रथा नाणी व टपाल तिकिटांच्या संग्राहकांमध्ये पूर्वापार आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती चित्रकथांच्या, म्हणजेच कॉमिक्सच्या, अंकांनाही लागू झाली. छापील आकड्यास सहज प्रामाण्य लाभते. परंतु तो आकडा कोणी, कशाच्या आधारे आणि कोणत्या प्रतीसाठी दिला हे तपासल्याशिवाय त्यास साधन मानणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. देवरूखसारख्या कोकणातील गावात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. चाकरमान्यांची बंद घरे उघडली जातात, माळ्यावरील ट्रंका रिकाम्या होतात, तेव्हा जुने अंक रद्दीत द्यावेत, विकावेत की जपावेत हे तातडीने ठरवावे लागते आणि पुष्कळदा ते ऐकीव किमतीवर ठरते. प्रस्तुत निबंधात मूल्यसूचींच्या विश्वसनीयतेचा आणि मराठी चित्रकथांच्या बाबतीत त्यांच्या उपयोगाचा विचार केला आहे.

मूल्यसूचीचा उदय व मर्यादा

अमेरिकेत रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी १९७० साली चित्रकथांची मूल्यसूची प्रसिद्ध केली व पुढे तिच्या वार्षिक आवृत्त्या निघू लागल्या. मालिकेचे नाव, अंक क्रमांक, प्रकाशनकाल आणि प्रतीच्या अवस्थेनुसार वेगवेगळी किंमत, अशी तिची मांडणी आहे. या सूचीचे खरे कार्य किमतीपेक्षा नोंदीचे आहे. कोणते अंक निघाले, कोणत्या अंकात कोणते पात्र प्रथम आले, याची शिस्तबद्ध यादी तिच्यामुळे संग्राहकांच्या हाती आली.

किमतींबाबत मात्र तीन मर्यादा संभवतात. पहिली, किमतींची माहिती पुरविणाऱ्या सल्लागारांत व्यापाऱ्यांचा मोठा भरणा असतो. म्हणजे साक्षीदार आणि पक्षकार पुष्कळदा एकच ठरतो. दुसरी, सूची वर्षातून एकदा निघते, बाजार मात्र रोज बदलतो. तिसरी, सूचीतील आकडा साधारणतः दुकानातील विक्रीचा असतो. अंक विकावयास नेणाऱ्या घरमालकास व्यापारी त्याचा काही अंशच देतो.

दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होते. १९३८ साली सुपरमॅनचे प्रथम दर्शन घडविणारा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक दहा सेंटला विकला गेला. त्याच अंकाची एक उत्तम प्रत २०१४ च्या लिलावात सुमारे ३२ लाख डॉलरला गेली. दुसऱ्या महायुद्धकाळातील रद्दी संकलनात असंख्य अंक नष्ट झाल्याने त्या काळातील उरलेल्या प्रती दुर्मीळ झाल्या होत्या. याउलट, १९९२ साली आलेल्या सुपरमॅनच्या मृत्यूच्या अंकाच्या लाखो प्रती खपल्या आणि पुढे किंमत येईल या आशेने लोकांनी त्या जपून ठेवल्या. सर्वांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? पुढे ही सट्टेबाजी कोसळली आणि १९९६ च्या डिसेंबरात मार्व्हल या प्रकाशनसंस्थेस दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तेजीत नोंदलेल्या किमतीस मंदीत गिऱ्हाईक नसते, हे या काळाने दाखविले.

२००० साली सी.जी.सी. या संस्थेने शुल्क घेऊन त्रयस्थ प्रतवारी करण्यास आरंभ केला. दहापैकी गुण देऊन प्रत प्लास्टिकच्या पेटीत बंद केली जाते. त्यामुळे अवस्थेविषयीचा वाद कमी झाला. मात्र बंद पेटीतील अंक वाचता येत नाही. वाचनाची वस्तू निव्वळ ठेव बनते.

मराठी चित्रकथांची स्थिती

बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्सचा आरंभ केला. साठ पैशांच्या पहिल्या अंकात वेताळाची कथा होती. ही मालिका मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघाली व १९९० मध्ये बंद पडली. १९६७ साली अनंत पै यांच्या संपादनाखाली अमर चित्रकथा सुरू झाली. तिचे अंकही मराठीत घरोघर पोहोचले.

या अंकांसाठी ओव्हरस्ट्रीटसारखी वार्षिक सूची रूढ झालेली नाही. ती पोकळी विक्रेत्यांच्या मागणीच्या आकड्यांनी भरली जाते. मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष मिळालेली किंमत या दोन भिन्न गोष्टी आहेत; पहिली इच्छा आहे, दुसरी पुरावा. इंग्रजी अंकाची किंमत मराठी अंकास लावणेही सदोष आहे, कारण दोहोंच्या छापलेल्या प्रती, टिकलेल्या प्रती आणि खरेदीदार वेगळे आहेत.

आवृत्तीची ओळख हा याहून कठीण प्रश्न आहे. अमर चित्रकथेची वारंवार पुनर्मुद्रणे झाली आणि नंतरच्या आवृत्त्यांना नवे क्रमांक मिळाले. इंद्रजालमध्येही सलग क्रमांकांऐवजी पुढे खंड व अंक अशी पद्धत आली. केवळ मुखपृष्ठ पाहून प्रथमावृत्ती ठरविणे त्यामुळे धोक्याचे आहे. त्यात कोकणची दमट हवा, वाळवी व कसर यांमुळे कागद लवकर खराब होतो. अखंड प्रतीस गृहीत धरलेली किंमत पान गळालेल्या प्रतीस लागू होत नाही.

निष्कर्ष

मूल्यसूची ही किमतीविषयीचा निर्णय नसून एका विशिष्ट वर्षी, विशिष्ट व्यापारी वर्तुळात प्रचलित असलेले मत आहे. त्या मर्यादेत ती अभिरुचीच्या व बाजाराच्या इतिहासाचे उपयुक्त साधन ठरते. नोंदीसाठी ती बरीच विश्वसनीय, किमतीसाठी मात्र सावधपणे वापरावयाची आहे.

मराठीत किमतींच्या सूचीआधी अंकांच्या सूचीची गरज आहे. भाषा, क्रमांक, मुद्रणवर्ष, छापील किंमत, पृष्ठसंख्या, अवस्था आणि कोणत्या गावी अंक मिळाला, एवढी नोंद गावोगावच्या वाचनालयांस व महाविद्यालयांस अल्प खर्चात करता येईल. ज्या अंकास बाजारात मोल नाही, त्यावरील मालकाचे नाव किंवा वाचनालयाचा शिक्का एका पिढीच्या वाचनाची साक्ष देतो. रद्दीच्या तराजूत ती साक्ष तोलली जात नाही आणि मूल्यसूचीतही तिला रकाना नाही. म्हणूनच अंक घराबाहेर काढण्यापूर्वी त्याची नोंद होणे अगत्याचे आहे.