चाळीस प्रयोग आणि साठ विद्यार्थी



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, ते गुरुजी भौतिकशास्त्र शिकवीत असत. त्यांच्या पश्चात इंदूरच्या या शाळेत तोच विषय शिकविण्याचे भाग्य मला पुष्कळ वर्षे लाभले. म्हणून आज थोरामोठ्यांची चरित्रे बाजूस ठेवून, शाळेतील प्रयोगाच्या टेबलाचा इतिहास सांगण्याचे मी योजिले आहे. या टेबलाशी विद्यार्थी केव्हा आला आणि तो तेथे का टिकत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

मराठीत हा विषय शालेय पुस्तकांत आला तो एकोणिसाव्या शतकात. कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी मराठी शाळांसाठी अंकगणिताची आणि पदार्थविज्ञानाची पुस्तके लिहिली. पुढे डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते. आपल्या भाषेत हा विषय मांडता येतो, हे त्या पिढीने सिद्ध केले. परंतु त्या काळी युरोप-अमेरिकेतही शाळेतील पदार्थविज्ञान मुख्यतः वाचावयाचे आणि ऐकावयाचे शास्त्र होते. यंत्र असलेच तर ते शिक्षकाच्या टेबलावर असे. शिक्षक प्रयोग दाखवी आणि मुले पाहत.

हे चित्र पालटले ते 1880 च्या दशकात. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांपुढे एक नवा पर्याय ठेवला. विद्यार्थ्याने नेमून दिलेले सुमारे चाळीस प्रयोग शाळेत स्वतः करावेत आणि त्यांची वही परीक्षेस घेऊन यावी. ही यादी सिद्ध करण्यात एडविन हॉल यांचा मोठा वाटा होता. 1879 मध्ये ज्यांनी ‘हॉल परिणाम’ शोधून काढला तेच हे हॉल. याच सुमारास लंडनचे रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग हेही मुलाला शोधकाच्या जागी उभे करावे, असे आग्रहाने सांगू लागले. आपली मुले जिला ‘प्रॅक्टिकल फाइल’ म्हणतात ती प्रयोगवही याच कुळातली आहे.

मात्र या सुधारणेच्या पोटातच तिचा शत्रूही जन्मास आला. वहीला गुण मिळू लागले की वही हेच साध्य होऊन बसते. साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. एक मीटर लांबीच्या लंबकाला वीस आंदोलनांस सुमारे चाळीस सेकंद लागतात. घड्याळ दाबताना अर्ध्या सेकंदाचा फरक पडला, तर गुरुत्वत्वरणाच्या उत्तरात अडीच टक्क्यांचा फरक पडतो. म्हणजे सामान्य शाळकरी हातून 960 यावे किंवा 1000 यावे, हे स्वाभाविकच होय. परंतु पुस्तकात 980 छापलेले असते. मग विद्यार्थी उत्तरापासून उलट गणित करीत निरीक्षणांच्या तक्त्यापर्यंत येतो, आणि साऱ्या वर्गाच्या वह्यांत 980 हाच आकडा झळकतो. अशी वही निर्दोष दिसते. पण मोजमापातील चूक कोठून येते, हे जे त्या प्रयोगाने शिकवावयाचे, तेच तीत नसते.

दुसरे कारण संख्येचे. प्रा. दौलतसिंह कोठारी हे स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने 1966 मध्ये पहिल्या दहा वर्षांच्या शालेय शिक्षणात विज्ञान सर्वांना अनिवार्य करावे, अशी शिफारस केली. ती योग्यच होती. विज्ञान त्यामुळे घरोघरी पोहोचले. प्रयोगशाळा मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत. मोठ्या शाळेचा हिशेब मांडून पाहा. अकरावीच्या चार तुकड्या, प्रत्येकीत साठ विद्यार्थी. वीस-वीसांचे बारा गट होतात. प्रयोगशाळा एकच. दिवसाला दोन जोडतास धरले तर आठवड्यास बारा होतात, आणि त्यांतले निम्मे बारावीस द्यावे लागतात. प्रत्येक गटाची पाळी दोन आठवड्यांनी येते. शिकविण्याचे तीस आठवडे मिळाले तरी वर्षाकाठी पंधरा प्रयोग होतात. हॉल यांचे चाळीस कोठे आणि आपले पंधरा कोठे! त्यातही साहित्य अपुरे असले की चौघांपैकी एक मोजतो, एक लिहितो आणि दोघे उभे राहतात.

आपल्या मुलांपुढे आणखी एक पायरी असते ती भाषेची. घरी भिंग, पुस्तकात लेंस. घरी घनता, पुस्तकात घनत्व. मराठीत अंतर्गोल, हिंदीत अवतल. व्याख्या पाठ करणारा मुलगा या जोड्यांत अडखळतो. तेच भिंग हाती घेऊन त्याने खिडकीची उलटी प्रतिमा कागदावर पाडली की दोन्ही नावे एकाच वस्तूची होतात. प्रयोगाचे हे सामर्थ्य सीमेपलीकडच्या मराठी शाळांना अधिक मोलाचे आहे.

या अडचणींवर उपाय नव्हता असे कोणी म्हणेल, तर त्याने आपल्याच प्रांताचा इतिहास पाहावा. नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात, ज्यास आता नर्मदापुरम् म्हणतात, 1972 मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर, रसूलिया या संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, एक विज्ञान-शिक्षणाचा उपक्रम सुरू केला. 1978 मध्ये तो जिल्हाभर पसरला. 1982 मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने तो पुढे नेला आणि त्याचे काम आपल्या माळव्यातही, देवास-उज्जैनकडे आले. शाळेला साध्या, स्वस्त साहित्याची पेटी मिळे. चौघाचौघांच्या टोळ्या प्रयोग करीत. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात उत्तरे छापलेली नसत, तेथे प्रश्न आणि कृती असत. लेखी परीक्षेत पुस्तक उघडून बसण्यास मुभा असे आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी असे. शिक्षकांची प्रशिक्षणे व मासिक बैठकी होत. विद्यापीठांतील शास्त्रज्ञ तेथे त्यांच्या शेजारी बसत.

तीन दशकांत हा उपक्रम सुमारे हजार शाळांपर्यंत गेला. 2002 मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. त्या शाळांतील मुलांच्या हाती इतरांसारखेच पुस्तक पुन्हा आले.

या इतिहासातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रयोग टिकविण्यासाठी भव्य प्रयोगशाळेपेक्षा तीन गोष्टींची अधिक गरज असते: लहान गट, पुरेसे साहित्य आणि प्रामाणिक निरीक्षणाला मान देणारी परीक्षा. यांतील तिसरी एकट्या शाळेच्या हाती नाही. पहिल्या दोन मात्र बऱ्याच अंशी आहेत.

आज वर्गात मोठे पडदे आले आहेत. त्यांवर प्रयोगाची चित्रफीत सुरेख दिसते, आणि अणूचे अंतरंग दाखविण्यास मीही तिचे स्वागतच करीन. परंतु लंबकाची चित्रफीत दाखवून आपण समाधान मानले, तर आपण हॉल यांच्याही मागे, शिक्षकाच्या टेबलाकडे पाहत बसणाऱ्या वर्गात परत जातो. त्या पडद्यावरचा लंबक नेहमी 980 च सांगणार.

माजी विद्यार्थी शाळेला काय देऊ, असे प्रेमाने विचारतात. मी एवढेच सुचवीन की, देण्यापूर्वी प्रयोगशाळेत जाऊन लंबक, भिंगे, विद्युत्‌मापके यांचे संच मोजावेत आणि त्या संख्येने एका गटातील मुलांना भागावे. भागाकार दोन येईपर्यंत दुसरे काही देऊ नये. आणि एखाद्या मुलीच्या वहीत 962 दिसले, तर ‘हे कसे मोजलेस?’ असे तिला आस्थेने विचारावे.