फिलिपिनो लोकांचा राष्ट्रशोक

थोर पुरुषाच्या मरणाने राष्ट्र जागे होते, असे आपण सहज बोलून जातो. पण राष्ट्र म्हणजे कोणी एक निजलेला मनुष्य नव्हे, की गलबला होताच तो उठून बसावा. जागी होतात ती माणसे, आणि तीही आपापल्या घरात, एकेकटी. हे कसे घडते ते पाहावयाचे असल्यास फिलिपाइन्सच्या इतिहासाइतका बोलका इतिहास आमच्या पाहण्यात दुसरा नाही. सात हजारांहून अधिक बेटांच्या या देशास नाव मिळाले ते स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाचे; आणि ‘फिलिपिनो’ हा शब्दही आरंभी तेथील भूमिपुत्रांचा नव्हता. त्या बेटांवर जन्मलेल्या स्पॅनिश लोकांस तो लावीत. मूळ रहिवाशास राज्यकर्ते ‘इंडिओ’ म्हणत, व त्या म्हणण्यात तुच्छता भरलेली असे. परक्याच्या तोंडचे हे नाव त्या लोकांनी आपलेसे कसे केले, हे सांगू जाता होसे रिझाल यांच्या मरणापाशी थांबावेच लागते.

रिझाल यांचा जन्म १८६१ चा. १८७२ च्या फेब्रुवारीत गोमेझ, बुर्गोस व झामोरा या तीन धर्मगुरूंस स्पॅनिश सरकारने बंडाच्या आरोपावरून गळा आवळून ठार केले, तेव्हा ते जेमतेम दहा वर्षांचे होते. त्यांचे वडील बंधू पासियानो हे बुर्गोस यांच्या निकटचे. तेव्हा ती वार्ता त्या घरात परक्याची म्हणून आली नसणार. पुढे रिझाल यांनी आपली दुसरी कादंबरी याच तिघांच्या स्मृतीस अर्पण केली. त्यांची पहिली कादंबरी, ‘नोली मे तांगेरे’, १८८७ साली बर्लिन येथे छापली गेली, व दुसरी, ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’, १८९१ साली बेल्जममधील गेंट येथे. दोन्ही स्पॅनिश भाषेत होत्या. ज्या ग्रंथांपायी त्यांस प्राणांस मुकावे लागले, ते वाचू शकणारे त्यांच्या देशबांधवांत थोडेच होते, ही गोष्ट विसरता कामा नये. मरणास मात्र भाषांतराची गरज लागली नाही.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी की, ज्या उठावाचे प्रेरक म्हणून त्यांस देहदंड झाला, त्या उठावास त्यांची संमती नव्हती. बोनिफासिओ यांच्या कातिपुनान या गुप्त मंडळाचा दूत १८९६ साली दापितान येथे त्यांच्या हद्दपारीच्या जागी गेला असता, पुरेशी तयारी नसता शस्त्र उचलू नये असाच सल्ला त्यांनी दिला. सरकारला एवढा सूक्ष्म भेद पाहण्याची इच्छा नव्हती. ३० डिसेंबर १८९६ च्या सकाळी मनिला येथील बागुम्बायानच्या मैदानात त्यांस उभे करण्यात आले. गोळ्या झाडणारे सैनिक देशीच होते, आणि त्यांच्या पाठीशी स्पॅनिश सैनिकांची रांग होती. साम्राज्य कशाच्या बळावर चालते याचे याहून स्वच्छ चित्र कोणी रेखाटील असे आम्हांस वाटत नाही.

पण आमचा विषय त्या मैदानावरचा नव्हे, त्यानंतर घरात जे घडले त्याचा आहे. आदल्या दिवशी भेटीस आलेल्या बहिणीस, त्रिनिदाद हिला, रिझाल यांनी स्पिरिटवर चालणारी एक लहानशी शेगडी दिली व पहारेकऱ्यांस कळू नये म्हणून इंग्रजीत सांगितले की, हिच्या आत काही आहे. त्या शेगडीत त्यांची अखेरची कविता निघाली. सरकारने प्रेत पाको येथील दफनभूमीत शवपेटीवाचून, खुणेवाचून पुरून टाकले. दुसरी बहीण नार्सिसा ही एकामागून एक दफनभूमी धुंडाळीत फिरली, पाको येथे पहारा दिसताच तिने ओळखले, आणि कबर खणणाऱ्यास चार पैसे देऊन भावाच्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने कोरलेला दगड तिने तेथे बसवून घेतला. १८९८ साली मनिला स्पेनच्या हातून गेल्यावर त्या अस्थी उकरून घरी आणण्यात आल्या, व १९१२ साली स्मारकाच्या पायात त्यांची स्थापना होईपर्यंत त्या घरीच राहिल्या. चौदा वर्षे एका राष्ट्राचा हुतात्मा बहिणीच्या घरात होता! पासियानो क्रांतिसेनेत शिरून सेनापती झाले. बंधूच्या हयातीत ज्यांनी शेतीभाती सांभाळून त्यास युरोपात शिकावयास पैसे पुरविले, त्यांस शस्त्राकडे नेणारे कारण राजकीय तर खरेच, पण ते आधी घरगुती होते.

२० डिसेंबर १८९८ रोजी आगिनाल्दो यांनी ३० डिसेंबर हा राष्ट्रीय शोकदिन ठरविला. रेनातो कॉन्स्तान्तिनो यांनी १९६९ साली असा आक्षेप घेतला की, रिझाल यांस सर्वश्रेष्ठ राष्ट्रपुरुष केले ते अमेरिकन राज्यकर्त्यांनी. क्रांतिवीरापेक्षा सुधारक त्यांस अधिक सोयीचा होता. आक्षेपात तथ्य आहे. तरी अमेरिकनांनी पुतळा उभारण्यापूर्वी शोक उभा होता, हे तारखाच सांगतात.

मोठा शोक झाला की देशभक्ती जागी होतेच, असे मात्र नाही. १७ मार्च १९५७ रोजी अध्यक्ष रामोन मॅगसेसे सेबू बेटावरील विमान अपघातात निवर्तले. लोकप्रियता एवढी थोड्यांस लाभली असेल. त्यांच्या नावाचे पारितोषिक पहिल्याच वर्षी, १९५८ साली, आचार्य विनोबा भावे यांस मिळाले, म्हणून हे नाव मराठी घरांस परके नाही. लोक मनापासून रडले. पण डोंगरावर जाब कोणास विचारावयाचा? तो शोक आदरात विरून गेला.

२१ ऑगस्ट १९८३ ची गोष्ट वेगळी. मार्कोस यांच्या राजवटीत सात वर्षांवर तुरुंगवास व तीन वर्षे परदेशवास भोगून बेनिग्नो आकिनो स्वदेशी परतले, आणि विमानातून सैनिकांच्या पहाऱ्यात उतरत असताच त्यांस गोळी घालण्यात आली. त्यांच्या आईने, दोन्या आउरोरा यांनी, मुलाचा चेहरा सारवू दिला नाही, रक्ताने भरलेले कपडे बदलू दिले नाहीत, आणि जखमेसह तो देह लोकांस पाहू दिला. १८९६ साली सरकारने देह लपविला व बहिणीने तो शोधला. येथे आईने तो उघडा ठेवला. स्वागतासाठी लोकांनी बांधलेल्या पिवळ्या फिती दुखवट्याच्या होऊन बसल्या. ३१ ऑगस्टची प्रेतयात्रा अकरा तास चालली होती. गर्दीचा अंदाज वीस लाखांपर्यंत केला जातो. तीत माकाती भागातले कचेरीतले लोकही होते. राजकारण हे आपले काम नव्हे अशी समजूत बाळगून जगणारा हा वर्ग, आणि त्याचे घराबाहेर पडणे हीच आमच्या मते त्या दिवसाची मुख्य घटना. विधवा कोराझोन यांस ‘साधी गृहिणी’ म्हणून हिणविण्यात आले, आणि तेच त्यांचे बळ ठरले. १९८६ च्या फेब्रुवारीत चार दिवस लोक एड्सा रस्त्यावर रणगाड्यांपुढे उभे राहिले, व २५ तारखेस मार्कोस देश सोडून गेले.

त्याच कोराझोन आकिनो १ ऑगस्ट २००९ रोजी कर्करोगाने वारल्या. हा मृत्यू कोणी घडविलेला नव्हता, आणि मधल्या तेवीस वर्षांत भ्रमनिरासही पुष्कळ झाला होता. त्यांच्या कारकिर्दीत जमीनसुधारणा अपुरी राहिली, याची तक्रार शेतकऱ्यांनी कधी सोडली नाही. असे असूनही माणसे पुन्हा पिवळे कपडे घालून पावसात उभी राहिली. कारण त्या यात्रेत प्रत्येकजण १९८६ सालचा स्वतःही पाहत होता: तरुण, निर्भय, आणि शेजाऱ्यावर विश्वास टाकणारा. कुटुंबाने सरकारी इतमाम नाकारला. उघड्या वाहनावर शवपेटीच्या चार कोपऱ्यांस चार सैनिक आठ तासांवर निश्चल उभे होते, आणि आदल्या दिवशी मार्कोस यांची मुले अंत्यदर्शनास येऊन गेली होती. पुढल्या महिन्यात पुत्र बेनिग्नो यांनी उमेदवारी जाहीर केली. २०१० साली ते अध्यक्ष झाले.

ज्यांनी तो रस्ता पाहिला नव्हता अशी एक पिढी दरम्यान मतदानाच्या वयास आली. २०२२ साली मार्कोस यांचे चिरंजीव अध्यक्षपदी निवडून आले. २१ ऑगस्ट हा आकिनो यांचा स्मृतिदिन २००४ च्या कायद्याने सुट्टीचा ठरलेला होता. २०२४ साली सलग सुट्ट्या साधाव्यात म्हणून ती सुट्टी त्या वर्षापुरती २३ तारखेवर नेण्यात आली.