पोलादावरील सुवर्णरेषा

लोखंड हेच ज्या ज्ञातीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे उपजीविकेचे साधन, तिने लोखंडावर सोने चढविणाऱ्या हातांचाही इतिहास जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते. या कलेस कोफ्तगारी म्हणतात. फारसी भाषेत ‘कोफ्तन’ म्हणजे ठोकणे. त्यावरून हे नाव पडले. अकबराच्या काळी अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त कोफ्तगाराची गणना स्वतंत्र कारागीर म्हणून केली आहे.

बंदुकीची नळी वा चापाचा भाग प्रथम घासून स्वच्छ करीत. मग धारदार छिन्नीने त्यावर दोन-तीन दिशांनी अतिसूक्ष्म, एकमेकींस छेदणारे ओरखडे काढीत. त्यावर सुईने वेलबुट्टी रेखून, तिच्या रेषेबरहुकूम शुद्ध सोन्याची बारीक तार हलक्या हातोडीने ठोकीत. ओरखड्यांचे दातरे मऊ सोन्यास धरून ठेवतात. डाक लावावा लागत नाही. शेवटी तो भाग तापवून गुळगुळीत दगडाने घोटला, की निळसर-काळ्या पोलादावर नक्षी झळकू लागे. याहून टिकाऊ रीत तहनिशानाची. तीत खोल चर कोरून तार बसवीत. कोफ्तगारीस सोने थोडे लागे. परंतु जेथे हात वारंवार फिरे, तेथील नक्षी लवकर झिजे.

पंजाबात सियालकोटजवळ कोटली लोहारान नावाची दोन जोडगावे आहेत. नावच सांगते की ही लोहारांची वस्ती. भट्टी, छिन्नी, हातोडी व घोटण्याचा दगड एवढ्या साहित्यावर हे काम घरच्या घरी होण्याजोगे. मुलगा बापाच्या शेजारी बसूनच हात बसवी.

पुढे 1849 साली शिखांचे राज्य गेले व शस्त्रे घडवून घेणारा मोठा आश्रयदाता नाहीसा झाला. 1878 च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून शस्त्रे बनविणे व विकणे यांस बंदी घातली. कारागिराचा अपराध काहीच नसता त्याचे गिऱ्हाईक गेले. तरीही त्याने छिन्नी खाली ठेवली नाही. ढाल-तलवार-बंदुकीवरची तीच वेलबुट्टी दौती, तबके, पेट्या व कागद कापण्याच्या सुऱ्या यांवर उतरली. वस्तू बदलली, विद्या राहिली.

राजस्थानात उदयपूरच्या शिकलगर घराण्यांनी ही कला आजतागायत जतन केली असून, 2023 साली तेथील कोफ्तगारीस भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र वस्तुसंग्रहालयांतील बहुतेक जुन्या शस्त्रांवर घडविणाऱ्याचे नाव नाही. ती धारण करणाऱ्यांची नावे इतिहासाने जपली.

यांतून आपणांस घेण्याजोगा बोध उघड आहे. आश्रय आणि कायदे यांवर कारागिराची सत्ता नसते. हातची विद्या पुढील पिढीस देणे मात्र त्याच्या स्वाधीन असते. म्हणून ज्या घरी वृद्ध कारागीर हयात असतील, तेथील तरुणांनी त्यांची नावे, अवजारे आणि कामाची रीत आजच लिहून ठेवावी, अशी आमची ज्ञातिबांधवांस व भगिनींस आग्रहाची विनंती आहे.