सेगुंद ग्रावची पिढी

गोव्यातील आपल्या जुन्या मराठी घरांत एक पेटी हमखास असते. तिच्यात जमिनीचे दस्त असतात, लग्नाचे दाखले असतात, कोणा पणजोबांच्या पश्चात झालेल्या वाटणीचे, म्हणजे इन्व्हेंतारीचे, पिवळे पडलेले कागद असतात. जमीन आपली, नावे आपल्या पूर्वजांची, पण मजकूर सगळा पोर्तुगीज. चतुर्थीच्या साफसफाईत आपण ती पेटी पुसतो आणि पुन्हा माळ्यावर ठेवतो, कारण ती वाचणारे घरात कोणी उरलेले नाही.

तसे एकेकाळी होते. आमच्या आजोबांची पिढी सकाळी पोर्तुगीज शाळेत आणि दुपारी मराठी शाळेत जात असे. सात-आठ वर्षांचे मूल घरी आईशी कोकणीत बोले, पोथी आणि हिशेब मराठीत शिके आणि पाढे मात्र दोन भाषांत म्हणे. प्राथमिकची वरची परीक्षा म्हणजे ‘सेगुंद ग्राव’. ती झाली की माणूस शिकलेला समजला जाई. पुढे ज्याला ऐपत असे, तो पणजीच्या लिसेवमध्ये जाई.

ही दुहेरी शाळा कोणी लादलेली नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लादण्याचा प्रयत्न त्यापूर्वी होऊन गेला होता. १६८३ साली संभाजीराजांनी जुवे बेट घेतले, तेव्हा हवालदिल झालेल्या विजरई कोंद द आल्व्होरने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवला. याच विजरईने पुढच्या वर्षी, जून १६८४ मध्ये, फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. तीन वर्षे गेली, तीनशे गेली, कोकणी आणि मराठी आहेत तिथेच आहेत. उलट १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना समान हक्क मिळाले, सरकारी नोकऱ्यांची दारे खऱ्या अर्थाने उघडली, तेव्हा आपल्याच लोकांनी मुलांना आपण होऊन पोर्तुगीज शाळेत घातले. त्याच सुमारास, १९०८ मध्ये, पणजीत मूठमूठ तांदूळ गोळा करून मराठी शिक्षणासाठी मुष्टिफंड उभा राहिला होता. एक भाषा आली म्हणून दुसरी सोडायची, हा हिशेब त्या पिढीला ठाऊकच नव्हता.

परकी भाषा लहानपणीच यायला हवी का, थोरपणी येत नाही का, असा प्रश्न कोणी विचारील. येते की! फादर थॉमस स्टीफन १५७९ मध्ये गोव्यात उतरले तेव्हा तिशीचे होते, आणि १६१६ मध्ये त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रायतूरला छापून झाले. पण त्यासाठी त्यांनी उरलेले सारे आयुष्य इथे काढले. मुलाला तेवढा खर्च पडत नाही. त्याच्या कानाला आणि जिभेला अजून वळण लागलेले नसते, म्हणून ते दोन्ही वळणे घेते.

या दोन वळणांचे महत्त्व जुने कागद हाती घेतल्यावर कळते. पोर्तुगीज लिपिकाला आपले ट, ठ, ड, ण ऐकूच येत नसत. त्याने चोडणचे ‘शोरांव’ केले, पेडण्याचे ‘पेर्नें’ केले. शेल्डे गावाचे नाव रोमन लिपीत एक्स या अक्षराने सुरू होते. पाहुणे त्याचा उच्चार ‘झेल्डेम’ करतात आणि आपण हसतो. पण कागदात ‘रामोजी सिनाय कोतारी’ असे नाव आले, तर तो शिवाजी महाराजांशी बोलणी करायला पोर्तुगीजांनी धाडलेला रामजी शेणवी कोठारी, हे दोन्ही कानांच्या माणसालाच चटकन उमगते.

असा एक माणूस आपल्यात होऊन गेला. सत्तरीतील पिसुर्ले गावी १८९४ मध्ये जन्मलेले पांडुरंग पिसुर्लेकर. गोव्याचे दफ्तरखाने १५९५ चे, त्याचा पहिला अधिकारी इतिहासकार दियोगु द कोतु. त्या दफ्तराची सूत्रे १९३१ मध्ये पिसुर्लेकरांकडे आली आणि १९६१ पर्यंत राहिली. राज्यसभेच्या ठरावांचे पाच खंड त्यांनी संपादिले. पोर्तुगीजांसाठी मराठी दरबारांत वावरलेल्या आपल्याच वकिलांवर, पुण्यात राहिलेल्या नारायण विठ्ठल धुमे यांच्यापर्यंत, १९५२ मध्ये ग्रंथ लिहिला. शिवकाल आणि संभाजीराजांची गोव्यावरील स्वारी यांविषयी जे तपशील आज महाराष्ट्रातले अभ्यासक सहज देतात, त्यांतले कितीतरी या कागदांतून आलेले आहेत.

१९६१ च्या १९ डिसेंबरनंतर शाळांतून पोर्तुगीज उठली. ती राज्यकर्त्यांची भाषा, सालाझारच्या पोलिसांची भाषा. तुरुंग भोगून आलेल्यांना ती नकोशी झाली तर त्यांना दोष कसा द्यावा? पण रागाच्या भरात आपण किल्लीही फेकून दिली. देवळांच्या महाजनकीचा कायदा १८८६ चा, मूळ पोर्तुगीज. विवाह आणि वारसा आजही १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या पायावर चालतो. आज काही हायस्कुलांत ही भाषा तिसरी भाषा म्हणून मिळते, पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला. पालकांची नजर गुणांवर, किंवा खरे सांगायचे तर लिस्बनच्या पासपोर्टवर. मूल क्रियापदे घोकते, परीक्षा देते, विसरते.

आमच्या वाड्यावरच्या एका घरची गोष्ट. घरधनी गेले, मागे निपुत्रिक आजी. पुतण्यांचा समज असा की घर त्यांचे, आजीने मायेने राहावे. आजीचाही तोच समज. जुन्या वाटणीच्या कागदात तिच्या नावापुढे ‘मेयेरा’ असा शब्द होता, तो सर्वांनी माहेरचे आडनाव समजून सोडून दिला होता. एकदा शेजारचे सेगुंद ग्राव झालेले आजोबा गणपतीला आले, तेव्हा कोणीतरी सहज कागद पुढे केला. वय ऐंशीच्या पुढे, सकाळची गोळी घेतली की नाही हे आठवत नव्हते. चष्मा लावून त्यांनी शाळेतल्या मुलासारखे खणखणीत वाचायला सुरुवात केली आणि त्या शब्दाशी थांबले. मेयेरा म्हणजे अर्ध्या मालमत्तेची मालकीण. “बाये,” ते आजीला म्हणाले, “हें अर्दें घर तुजें.”

पुतण्यांनी ते मानले. स्वयंपाकघर आणि मागची बाग आजीच्या नावे राहिली.

ते आजोबा आता नाहीत. त्या घरच्या पेटीत अजून सतरा कागद आहेत. त्यांतले चार देवस्थानाचे आहेत, एवढे शिक्क्यांवरून कळते.